चाळिशीनंतरचे व्हायोलिन : हात, मान आणि श्वास



या पानावर साखर, रक्तदाब, टीबी, बाळंतपण असे विषय येत असतात. या वेळी व्हायोलिन आहे. आमच्या विहारात गेले वर्षभर रविवारी दुपारी मोठ्या माणसांचा व्हायोलिनचा वर्ग चालतो, आणि तिथे निघणाऱ्या शंका संगीताच्या कमी आणि शरीराच्या जास्त असतात. मान दुखते. डाव्या हाताची करंगळी बधिर होते. साखर आहे, बोटे फुटतील का? वय पंचेचाळीस झाले, आता बोटे वळतील का? सुरांचे शिक्षक सांगतील. शरीराचे जे सांगायचे ते आम्ही इथे सांगतो.

वयाचा प्रश्न शिकणाऱ्यापेक्षा घरच्यांना जास्त पडतो. ‘आता या वयात?’ असे म्हणणारा एकजण तरी प्रत्येक घरात निघतो. बाबासाहेबांनी व्हायोलिन शिकायला घेतले ते उतारवयात, शिक्षक लावून. तेव्हा मधुमेह होता, पायांचे दुखणे होते आणि कामाचा ढीग तर कायमचाच होता. जपानचे शिनिची सुझुकी (1898–1998) यांच्या नावाने लहान मुलांना व्हायोलिन शिकवण्याची पद्धत जगभर चालते. त्यांच्या वडिलांचा व्हायोलिनचा कारखाना होता, तरी स्वतः सुझुकींनी वाद्य हातात घेतले ते सतराव्या वर्षाच्या सुमारास, तेही शिक्षकाशिवाय. व्हायोलिनच्या जगात सतरा म्हणजे उशीरच समजला जातो.

खोटा दिलासाही देणार नाही. एन. राजम यांच्यासारखे वाजवणारे कलावंत अगदी लहान वयात सुरुवात करतात आणि पुढे आयुष्य त्यातच घालवतात. पन्नाशीत सुरुवात करणाऱ्याने त्यांच्याशी तुलना करू नये. पण बुद्धवंदनेची चाल, एखादे भीमगीत, आईने म्हटलेली ओवी सुरात वाजवणे हे वर्ष-दोन वर्षांच्या नेमाने जमण्यासारखे आहे. आमच्या वर्गात ते जमलेले लोक आहेत.

मेंदूबद्दल एक खात्रीची गोष्ट सांगतो. 1995 साली जर्मनीत व्हायोलिन, सेलो आणि गिटार वाजवणाऱ्या नऊ जणांचा मेंदू तपासला गेला. डाव्या हाताच्या बोटांचा स्पर्श मेंदूच्या ज्या भागात नोंदला जातो, तो भाग या वादकांत इतरांपेक्षा मोठा आढळला. उजव्या हाताच्या बाबतीत तसा फरक दिसला नाही, कारण तारेवर बोटे नाचतात ती डाव्या हाताची. लहानपणी सुरुवात केलेल्यांत हा फरक जास्त होता, हेही त्याच अभ्यासात दिसले. त्या संशोधकांपैकी एडवर्ड टाउब यांनी पुढे लकवा झालेल्या रुग्णांसाठी एक उपचार नावारूपाला आणला. त्यात रुग्णाचा चांगला हात बांधून ठेवतात आणि दुबळ्या हाताकडून तीच तीच कामे पुन्हा पुन्हा करून घेतात. त्या उपचारातले बरेच रुग्ण वयस्क असतात, आणि त्यांचेही हात सुधारतात. म्हणजे मोठ्या माणसाचा मेंदू दगड झालेला नसतो. त्याला वेळ जास्त लागतो आणि सराव रोजचा लागतो, एवढेच.

शिवाय मोठ्या माणसाकडे एक भांडवल आधीपासून असते. चौदा एप्रिलच्या रात्री, सहा डिसेंबरला, लग्नात आणि वर्षावासात ऐकलेली शेकडो गाणी कानात बसलेली असतात. लहान मुलाला आधी चाल शिकवावी लागते. आपल्याला ती माहीत असते, फक्त तारेवर सापडत नसते. म्हणून आमच्या वर्गात आधी गायचे, मग वाजवायचे असा नियम आहे. आवाज कसाही असो, तोंडाने म्हटले की बोटाला जागा लवकर सापडते.

मग अडते कुठे? आमच्या पाहण्यात मोठ्या माणसाचे घोडे बोटांवर अडत नाही. ते अडते आवळून धरण्यावर.

सगळे आवळलेले असते

व्हायोलिनचे वजन जेमतेम अर्धा किलो भरते. गज, म्हणजे ज्या काठीने तारा घासतात ती, साधारण साठ ग्रॅमची असते. जो माणूस सकाळी वीस लिटरचा हंडा दोन मजले चढवतो, त्याला हे वजन काहीच नाही. तरी पहिल्या दिवशी दहा मिनिटांत त्याचा खांदा भरून येतो. कारण तो ते धरून ठेवतो हंड्यासारखे. दात दाबलेले, खांदा कानाला लागलेला, डावा अंगठा मानेच्या लाकडाला चिमटा काढल्यासारखा, उजवी मूठ गजावर कुऱ्हाडीसारखी, आणि श्वास बंद.

श्वास बंद होतो हे माणसाला स्वतःला कळत नाही. आनापानसती करणाऱ्यांनाही कळत नाही, हे आम्ही मुद्दाम पाहिले आहे. विहारात शांत बसल्यावर श्वासाकडे लक्ष देणारा माणूस तारेवर गज टेकवला की श्वास धरून बसतो. यामागे भीती असते. चांगला आवाज कसा असतो हे मोठ्या माणसाच्या कानाला ठाऊक असते, आणि आपल्या हातून निघणार आहे तो दार करकरल्यासारखा आवाज, हेही ठाऊक असते. तो आवाज निघू नये म्हणून अंग आखडते, आणि अंग आखडले की तोच आवाज निघतो. लहान मुलाला त्याचे काही वाटत नाही. ते करकर करत राहते, म्हणून ते लवकर शिकते.

यावर उपाय साधा आहे. पहिले पंधरा दिवस गाणे वाजवायचे नाही. मोकळ्या तारेवर, डाव्या हाताची बोटे न लावता, गज एकदा खाली ओढायचा आणि त्याबरोबर श्वास सोडायचा. वर ढकलताना श्वास घ्यायचा. आवाज कसा आला याकडे लक्ष द्यायचे नाही. जबडा सैल आहे का हे पाहायला जिभेचे टोक खालच्या दातांना टेकवून ठेवायचे.  दर दोन-तीन मिनिटांनी वाद्य मांडीवर ठेवून हात खाली सोडायचे आणि ओला टॉवेल झटकावा तसे झटकायचे.

सोण कोळिविस या भिक्खूची गोष्ट आपल्यातल्या अनेकांना ठाऊक असेल. ती विनयपिटकातल्या महावग्गात आणि अंगुत्तर निकायात आहे. सोण श्रीमंत घरात लाडाने वाढलेला होता. संघात आल्यावर त्याने चंक्रमण करता करता पायांतून रक्त निघेपर्यंत कष्ट घेतले, आणि काही साधत नाही म्हणून घरी परत जाण्याचा विचार त्याच्या मनात आला. बुद्धांना माहीत होते की हा पूर्वी वीणा छान वाजवायचा. त्यांनी त्याला वीणेच्या तारांविषयीच विचारले. तारा फार ताणलेल्या असताना वीणा नीट वाजत होती का? फार सैल असताना वाजत होती का? आपण ही गोष्ट नेहमी मध्यम मार्गाचे उदाहरण म्हणून ऐकतो. ती पाय फोडून घेणाऱ्या एका माणसाला सांगितलेली गोष्ट आहे, हे मात्र विसरले जाते. दुखापत करून घेण्याला मेहनत म्हणायची सवय आपल्या कष्टकरी घरांत फार खोल गेलेली आहे. कामावर दुखणे लपवावे लागते, नाहीतर रोज बुडतो. तीच सवय माणूस रविवारच्या वर्गात घेऊन येतो आणि मान आखडली तरी तासभर वाजवत बसतो. इथे मुकादम उभा नाही.

बसून धरावे की उभे राहून

सिनेमातले वादक वाद्य हनुवटीखाली धरून उभे दिसतात. ती युरोपची पद्धत आहे. आपल्याकडे शास्त्रीय संगीत वाजवणारे बहुतेक जण जमिनीवर मांडी घालून बसतात. उजवा पाय थोडा पुढे काढून व्हायोलिनचे डोके घोट्याजवळ पावलावर टेकवतात आणि दुसरे टोक डाव्या खांद्याखाली, छातीला लावतात. दक्षिणेत बालुस्वामी दीक्षितर (1786–1858) यांच्या काळापासून व्हायोलिन कर्नाटक संगीतात रुळत गेले, आणि त्याबरोबर ही बैठकही रुळली.

आम्ही वस्तीतल्या मोठ्या माणसांना शक्यतो ही बैठक सुचवतो. वाद्याचा भार पाय आणि छाती घेतात, त्यामुळे हनुवटी दाबावी लागत नाही आणि मान सरळ राहते. माणसाचे डोके साधारण साडेचार-पाच किलोचे असते. ते डावीकडे वाकवून खाली दाबून ठेवायचे म्हणजे मानेच्या मणक्यांना भलतेच ओझे. ज्यांना आधीच मानेचा त्रास आहे त्यांनी तर ते टाळलेलेच बरे. दुसरे कारण घराचे. दहा बाय बाराच्या खोलीत, वर पोटमाळा असताना उभे राहून पाऊण मीटरचा गज चालवायला जागाच नसते. कोपर कपाटाला लागते, आणि मग माणूस अंग चोरून वाजवायला शिकतो. बसल्यावर एवढी अडचण येत नाही.

पण गुडघे दुखत असतील तर मांडीचा हट्ट नको. अशा वेळी पाठीला आधार नसलेले टणक स्टूल घ्यावे, दोन्ही पावले जमिनीला टेकवावीत आणि वाद्य खांद्यावर घ्यावे. खांदा आणि वाद्य यांमध्ये रुमालाची घडी किंवा स्पंजचा तुकडा रबराने बांधावा. उंच मानेच्या माणसाला घडी जाड लागते. खांदा उचलून वाद्यापर्यंत न्यायचा नसतो. मधली पोकळी कापडाने भरायची असते.

डाव्या अंगठ्यावर लक्ष ठेवा. वाजवता वाजवता अंगठा लाकडावरून मागेपुढे सरकवून पाहायचा. सरकला तर ठीक, रुतून बसला असेल तर दाब जास्त आहे. तार दाबायला फार जोर लागत नाही. आधी बोट तारेवर नुसते ठेवा, मग थोडे थोडे दाबत जा. ज्या क्षणी आवाज स्वच्छ होतो तिथे थांबा. त्यापुढचा सगळा जोर वाया जातो आणि बोटाच्या सांध्यावर बसतो.

उजव्या हाताला आमच्या वर्गात एका रंगारी बंधूंनी चांगले नाव दिले : ब्रशचा हात. भिंतीला चुना मारताना ब्रश वर जातो तेव्हा मनगट पुढे असते, खाली येतो तेव्हा मनगट वळते आणि केस मागून येतात. गजाचे अगदी तसेच आहे. भाकरी थापणाऱ्या बायांना हे मनगट आयते मिळालेले असते. त्यांचा गज पुरुषांपेक्षा लवकर सरळ चालतो, हे पाहून वर्गातल्या काही पुरुषांचे चेहरे उतरले होते.

बोटांच्या जागांसाठी व्हायोलिनवर सतारीसारखे पडदे नसतात. म्हणून सुरुवातीला बोटाच्या पट्टीवर बारीक रंगीत चिकटपट्टी लावतात. मोठ्या माणसाच्या पूर्ण आकाराच्या व्हायोलिनमध्ये वाजणारी तार सुमारे 32.5 सेंटिमीटर असते. मोकळी तार सा धरली तर वरच्या टोकापासून शुद्ध रे साधारण 3.6 सेंटिमीटरवर, शुद्ध ग 6.5 वर, म 8.1 वर आणि प 10.8 वर येतो. बोट तीन-चार मिलिमीटर इकडेतिकडे झाले तरी कानाला खटकते. मोबाइलवर तानपुऱ्याचे ॲप मोफत मिळते, ते लावून ठेवावे म्हणजे कान चूक पकडतो. पट्ट्या सहा महिन्यांनी एकेक करून काढून टाकाव्यात. नाहीतर डोळा वाजवत राहतो आणि कान झोपतो.

किती वेळ, केव्हा

रोज दहा मिनिटे सकाळी आणि दहा संध्याकाळी, एवढे पुरे. रविवारी सलग दोन तास वाजवून आठवडाभर पेटी बंद ठेवणाऱ्याला काही येत नाही, वर खांदा धरतो. हाताची कला झोपेत पक्की होते, हे संशोधनात पुन्हा पुन्हा दिसले आहे. रात्री न जमलेली जागा सकाळी जमते, हा अनुभव ढोलकीवाल्यांनाही असतो. म्हणून झोप मोडून सराव करू नये. रात्रपाळी करणाऱ्यांनी झोप झाल्यावरच वाद्य काढावे.

वस्तीत वेळ मिळणे अवघड असते हे आम्हाला ठाऊक आहे. पाणी सकाळी येते, डबे सकाळी जातात, संध्याकाळी मुलांचा अभ्यास, रात्री शेजारी कोणीतरी आजारी. बायकांचा वेळ तर तुकड्यातुकड्यांनी मिळतो. पण व्हायोलिनला तुकडेच चालतात. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत मोकळ्या तारेवर गज ओढला, तोही सराव झाला. त्यासाठी वाद्य पेटीत कुलूपबंद नसावे, हाताशी असावे, फक्त चुलीपासून आणि मुलांच्या चेंडूपासून लांब.

शेजाऱ्यांसाठी म्यूट नावाची रबराची छोटी वस्तू मिळते. ती घोडीवर, म्हणजे तारा ज्या लाकडी कमानीवरून जातात तिच्यावर, बसवली की आवाज बराच दबतो. ती घ्यावीच. शेजाऱ्यांच्या हसण्याचा मोठा धसका असतो. आवाज कमी असला की माणूस मोकळेपणी वाजवतो, आणि मोकळेपणाने वाजवले की हात सैल राहतो.

कानाचाही विचार करा. वाद्य खांद्यावर धरले तर डाव्या कानापाशी आवाज 90 डेसिबलच्या आसपास आणि कधी त्याच्याही वर जातो. दिवसभरात 85 डेसिबलचा आवाज आठ तास सोसावा, त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा धरावा, असा कामगारांच्या आरोग्याचा एक हिशेब आहे. वीस मिनिटांच्या सरावाने काही बिघडत नाही. पण पत्र्याच्या खोलीत आवाज आपटून परत येतो. भिंतीवर एक गोधडी टांगली तरी फरक पडतो. जे आधीच कारखान्यात मशिनीच्या आवाजात काम करतात त्यांनी म्यूट लावूनच वाजवावे.

साखर असेल तर

साखर असलेल्यांनी व्हायोलिन शिकू नये असे काही नाही. काही गोष्टी मात्र सांभाळाव्यात. तारेने बोटांची टोके पहिले काही आठवडे दुखतात, मग तिथली कातडी निबर होते. ती जखम नाही. पण ज्यांच्या हातापायांना मुंग्या येतात, बधिरपणा आहे, त्यांना कातडी फाटलेली कळत नाही. त्यांनी सराव झाल्यावर उजेडात बोटे पाहावीत. चीर दिसली तर ती भरेपर्यंत तार दाबू नये, उजव्या हाताचा गजाचा सराव चालू ठेवावा. साखर तपासायला बोट टोचता ते उजव्या हाताचे टोचा, आणि टोकावर नाही, बाजूला.

इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी सरावाला बसू नये. हात थरथरतोय, घाम येतोय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, तर गज खाली ठेवा आणि साखर तपासा. मशीन नसेल तर तपासायची वाट न पाहता दोन-तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या.

खांदा आखडून वर न जाणे आणि बोट वळताना मध्येच अडकून खटकन सुटणे, हे दोन्ही त्रास मधुमेहात जास्त दिसतात. व्हायोलिनमुळे झाले असे समजून तेल चोळत बसू नका. सरकारी दवाखान्यात हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्या.

आणि व्हायोलिनने साखर उतरते, बीपी जातो, असे कोणी सांगितले तर ऐकून सोडून द्या. मन रमते, संध्याकाळचा एक वेळ तंबाखूची पुडी हातात येत नाही, हा फायदा खरा आहे. गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही.

कोणते दुखणे कशाचे

बोटांची टोके हुळहुळणे, खांद्याच्या मागे थकवा जाणवणे आणि सकाळपर्यंत तो निघून जाणे, हे नव्या कामाचे दुखणे आहे. विटा उचलायला लागल्यावर पहिल्या आठवड्यात होते तसेच. त्याला घाबरू नये.

करंगळी आणि शेजारचे बोट बधिर होत असेल, तर कोपराच्या आतून जाणारी नस ताणली जाते आहे. डावा हात फार वेळ घट्ट वाकवून धरल्याने हे होते. हात मध्ये मध्ये सरळ करावा, रात्री कोपर दुमडून उशीखाली घेऊन झोपू नये. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होत असेल आणि रात्री मुंग्यांनी जाग येत असेल, तर मनगटातली नस दबते आहे. हे बायकांत जास्त आढळते. थायरॉइड, मधुमेह, गरोदरपण यांतही होते. शिलाई मशीनवर काम करणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे, कारण त्यांचे मनगट दिवसभर आधीच राबलेले असते. मानेतून कळ निघून हातात उतरत असेल, पकड कमी झाली असेल, हातातून कप सुटत असेल, तर सराव पूर्ण थांबवावा आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे.

हनुवटीखाली डाव्या बाजूला काळपट डाग पडतो. तो घासण्याने आणि घामाने पडतो, कधी कधी तिथल्या धातूच्या पट्टीची ॲलर्जीही असते. मध्ये धुतलेला सुती रुमाल ठेवावा आणि तो रोज बदलावा. गजाला राळ लावतात, तिची पांढरी भुकटी उडते. दम्याच्या माणसाने राळ घराबाहेर लावावी आणि नंतर वाद्य कोरड्या फडक्याने पुसावे.

आता सगळ्यात महत्त्वाचे. व्हायोलिन ज्या जागा दुखवते त्या कोणत्या? डावा खांदा, डावा हात, जबडा, मान. आणि हृदयविकाराचा झटका येतो तेव्हा दुखणे उतरते त्या जागाही त्याच. मागच्या पावसाळ्यात आमच्या वर्गातले एक रिक्षाचालक बंधू, वय चोपन्न, दोन दिवस म्हणत होते की व्हायोलिनने खांदा धरलाय. तिसऱ्या दिवशी जिना चढताना जबड्यापर्यंत कळ गेली आणि सदरा घामाने भिजला. तरी ते बाम मागत होते. त्यांच्या पत्नीने बाम न देता शेजाऱ्यांना हाक मारली आणि त्यांना सरळ दवाखान्यात नेले. झटकाच होता. वेळेत नेल्यामुळे ते वाचले, आणि आता डॉक्टरांच्या परवानगीने परत वर्गाला येतात.

फरक ओळखायचा कसा? स्नायूंचे दुखणे हात विशिष्ट बाजूला वळवला की वाढते, दाबले की तिथेच दुखते, विश्रांतीने उतरते. छातीत दडपण, दम लागणे, घाम, मळमळ, चालताना किंवा जिना चढताना वाढणारी आणि थांबल्यावर कमी होणारी कळ, हे हृदयाचे लक्षण समजावे. बायकांना आणि साखर असलेल्यांना छातीत न दुखता नुसता दम, मळमळ आणि भयंकर थकवा येऊ शकतो. शंका असेल तर वाद हृदयाच्या बाजूने सोडवा : 108 ला फोन करा. दवाखान्यात जाऊन गॅस निघाला तर कोणी हसत नाही, आणि हसले तरी चालेल.

वाद्य घेताना

वाईट वाद्य शरीराला दुखवते, म्हणून याबद्दल दोन शब्द. शिकाऊ व्हायोलिन काही हजारांत मिळते, जुने त्याहून स्वस्त. त्यासाठी व्याजाने पैसे काढू नका. पहिले तीन महिने भाड्याचे किंवा कोणाचे पडून राहिलेले वाद्य चालते. आमच्या वर्गात तीन वाद्यांवर आठ जण शिकतात. दुकानातले नवे स्वस्त वाद्य बहुधा नीट बसवलेले नसते. घोडी उंच असते, तारा पट्टीपासून लांब राहतात आणि दाबताना बोटे रडकुंडीला येतात. माणसाला वाटते आपलेच वय झाले. वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडून घोडी घासून घेतली की त्याच बोटांना तेच काम निम्म्याने सोपे होते. घेण्याआधी शिक्षकाला किंवा वाजवणाऱ्याला दाखवावे.

पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात, उन्हाळ्यात सुटतात. सुटणाऱ्या खुंटीला किंचित खडू लावावा. वाद्याचे लाकूड सरसाने जोडलेले असते, उन्हाने तापलेल्या पत्र्याखाली ते सांधे सुटतात. पेटी माळ्यावर ठेवू नका, खाटेखाली ठेवा. वाजवून झाले की गजाचे केस सैल करून ठेवावेत.

वर्ग दर रविवारी दुपारी तीन वाजता असतो. येताना डाव्या हाताची नखे कापून यावे, आणि साखर असेल तर जेवून यावे.